दाताला काय लावता, हे तुम्ही विचारलं नाही

सर,

तुमच्या नावानं सुरू झालेलं पहिलं व्याख्यान मी दिलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की आताच्या रेसिडेंट मुलांना तुमचा चेहरा विभागातल्या भिंतीवरच्या फोटोपुरताच माहीत आहे. पण नाव अजून चालतं. विभागप्रमुखांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, सरांनी रक्तवाहिन्यांच्या आजारांवर आयुष्य घालवलं आणि तुमचं काम त्याच आजारांच्या कारणांवर आहे. शिवाय तुम्ही त्यांच्या विद्यार्थिनी. तुमच्याइतकं योग्य दुसरं कोण?" मी विचार करायला वेळ मागितला नाही. लगेच हो म्हटलं. त्यांना वाटलं असेल, केवढा हा गुरूबद्दलचा आदर. आदर नव्हता तो, निव्वळ आनंद होता. तुम्ही जिवंत असताना मी तुमच्यापुढे तोंड उघडू शकले नव्हते. आता भर सभागृहात तुमच्याबद्दल तासभर बोलायला मिळणार होतं आणि तुम्ही मला मध्येच थांबवू शकणार नव्हता.

तुम्हाला आठवण्याचं कारण नाही, म्हणून सगळं सांगते. आम्ही भायखळ्याला चाळीत राहायचो. माझी आई गिरणीत सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात होती. वडील लवकर गेले, पुढे गिरणीही बंद पडली, आणि मग आई घरी डबे करायला लागली. सकाळी दहा-बारा डबे दोन पिशव्यांत भरून ती लालबागच्या वर्कशॉपांत चालत नेऊन द्यायची. बसचा विचारही तिच्या मनात येत नसे. मी मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला असताना कॉलेजला सुट्टी होती म्हणून एकदा तिच्याबरोबर एक पिशवी घेऊन निघाले, तर ही सारखी थांबते. विहाराच्या पायरीवर टेकते. पुढे मसाल्याच्या दुकानासमोर उभी राहून मिरच्यांचा भाव विचारते, घ्यायचं काहीच नसतं. मग एका भांड्यांच्या दुकानासमोर. मी वैतागून म्हणते, "आई, डबे गार होतील. किती थांबतेस?" ती म्हणते, "बघू दे की जरा. कसली घाई हाय तुला?" आणि मग, दुकानदाराला ऐकू जाणार नाही अशा बेतानं, "पोटरीत गोळा येतो गं बाय. उभं ऱ्हायलं की जातो." दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीला जेवढी अक्कल असते तेवढ्या अकलेनं मी निदान केलं: कॅल्शियम कमी पडतंय. गोळ्यांची बाटली आणून दिली. तिनं ती भक्तिभावानं संपवली. डॉक्टर होणाऱ्या लेकीनं दिलेलं पहिलं औषध होतं ते.

पायाच्या नसा आतून अरुंद होत गेल्या की चालताना पोटरीला रक्त पुरत नाही आणि थांबलं की कळ जाते, हे मला पुढच्या वर्षी तुमच्याच वर्गात कळलं. तुम्ही खडू खाली ठेवून, दुकानांच्या काचांसमोर थांबत थांबत चालणाऱ्या माणसाची नक्कल करून दाखवली होती. वर्ग हसला होता. मी वहीत मान घालून बसले होते, कारण माझ्या डोळ्यांसमोर मिरच्यांचे ढीग आले होते. त्या संध्याकाळी घरी जाऊन मी आईचा पाय हातात घेतला. डाव्या अंगठ्याच्या नखाजवळ काळसर डाग होता. "चप्पल लागलीया," ती म्हणाली. "पोळी करताना तव्यावरनं पायावर पडली व्हती का उलथनी, त्यानं असंल." दोन कारणं एका दमात सांगितली, म्हणजे तिलाही काळजी वाटत होती. मी हॉस्पिटलात चल म्हणून तिच्या मागे लागले. डबे कोण देईल, या एका प्रश्नावर ती तीन आठवडे अडून बसली. तोवर अंगठा काळा पडला होता.

ती ओपीडीत आली तो दिवस तुमच्या युनिटचा होता, आणि माझी सर्जरीची पोस्टिंगही नेमकी त्याच आठवड्यात तुमच्या युनिटमध्ये लागली. मी कुणाला सांगितलं नाही की बायकांच्या वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर आहे ती माझी आई. का नाही सांगितलं, हे तुम्हाला कळायचं नाही. तुमची मुलं ठाकूरद्वारच्या घरातून, वडिलांचं नाव पुढे ठेवून जगात वावरली. मी कॉलेजात 'भायखळ्याला राहते' एवढंच सांगायची आणि विषय बदलायची. माझ्या बरोबरीच्या मुलींचे वडील बँकेत होते, शाळेत होते, दोघींचे तर डॉक्टरच. आपली फी कुठून येते, आपण कुठल्या यादीतून आलो, याची कुजबुज मागच्या बाकांवर चालायची आणि मला ती रोज ऐकू यायची. शिवाय तुमच्या तोंडून मी काय काय ऐकलं होतं. तुम्ही शिव्या द्यायचा नाहीत, आवाज चढवायचा नाहीत. शुद्ध, स्वच्छ मराठीत माणसाला खाली बसवायचात.

तो राउंड. तुम्ही खाटेच्या उजव्या बाजूला उभे आहात, आम्ही आठ-दहा जण अर्धगोल करून. मी डावीकडे दुसरी. आईनं वॉर्डातला हिरवा झगा घातलाय, केस सिस्टरनं घट्ट बांधून दिलेत. ती आधी तुमच्याकडे बघते, मग ओळीनं आमच्याकडे, आणि तिची नजर माझ्या तोंडावर येते. आली तशी पुढे जाते. पापणीसुद्धा हलली नाही, सर. माझ्या आईनं मला ओळख दिली नाही, कारण मी तिला देत नव्हते हे तिला एका नजरेत कळलं.

"बाई, बिडी ओढता?"

"न्हाय वो साहेब."

"सिगरेट?"

"न्हाय."

"पान, तंबाखू, गुटखा? काहीतरी असेलच."

"काय बी न्हाय, साहेब. माज्या घरात कुनीच खात न्हाय."

तुम्ही तिचा पाय सोडलात आणि आमच्याकडे वळलात. "पाहा. नस दगडासारखी लागते आहे. साखर थोडी वाढलेली आहे, पण एवढं व्हावं इतकी नाही. आणि बाई म्हणतात, काहीच नाही. गिरणीत काम करणाऱ्या बायका आहेत या. यांनी सांगितलेलं एक अक्षर धरायचं नसतं, हे आजच शिकून ठेवा." मग रेसिडेंटला म्हणालात, "लिही. तंबाखू, नकार देते. इन्फॉर्मंट अनरिलायबल." त्यानं लिहिलं. माहिती देणारी व्यक्ती भरवशाची नाही. तुम्ही पेन मागून घेतलंत आणि त्या ओळीखाली स्वतः रेघ मारून सही केलीत.

आई रोज मिश्री लावायची. दर पंधरा दिवसांनी ती तव्यावर तंबाखूची पानं काळी होईपर्यंत भाजायची, तेव्हा आख्ख्या मजल्यावर खोकल्याची साथ यायची आणि समोरच्या खोलीतली मावशी दारातूनच ओरडायची, "अगो, मारतंस की काय आमका!" मग खलबत्त्यात कुटून, फडक्यातून गाळून ती पूड डबीत भरायची. उठल्यावर, दुपारी जेवल्यावर, संध्याकाळी चहाच्या आधी आणि झोपताना. पहिलं बोट डबीत बुडवून दातांवरून फिरवत ती गॅलरीत उभी राहायची, तेवढाच दिवसातला तिचा स्वतःचा वेळ. ती खोटं बोलली नव्हती. तिच्या लेखी तंबाखू पुरुष खातात. मिश्री दाताला लावतात. तुम्ही विचारलं त्या प्रत्येक प्रश्नाचं तिनं खरं उत्तर दिलं. तुम्ही चौथा प्रश्न विचारला नाहीत, कारण तो तुम्हाला माहीतच नव्हता. आणि जो प्रश्न आपल्याला माहीत नाही त्याचा दोष तुम्ही तिच्या कपाळी लिहिलात, रेघ मारून.

मला माहीत होतं. 'सर, ती मिश्री लावते.' एवढंच म्हणायचं होतं. मी माझ्या वहीवर तारीख लिहिली आणि ती पुन्हा गिरवली.

दुपारी एप्रन काढून, पाहुण्यांच्या वेळेत मी तिच्याजवळ गेले. मला वाटलं होतं ती रडेल, निदान रागावेल. ती म्हणाली, "बरं झालं बोलली न्हाईस. त्याच्याकडं तुजी परीक्षा हाय न्हवं?" मग जरा वेळानं, "पर मी खोटं न्हाय बोलले हां. तू सांग त्याला कधीतरी, परीक्षा झाल्यावर." दोन दिवसांनी तुम्ही तिचा पाय गुडघ्याखाली काढला. ऑपरेशन चांगलं झालं. तुमचा हात चांगलाच होता, ते कुणी नाकारत नाही. जखम छान भरली, टाके सुबक होते, आणि तुम्ही त्या टाक्यांकडे बोट दाखवून आम्हाला शिकवलंत. तिच्या तोंडाकडे मात्र तुम्ही परत पाहिलं नाही.

घरी आल्यावर मी तिला सांगितलं, की मिश्री म्हणजे तंबाखूच, तीही जाळलेली, आणि नसांना तिचा त्रास होतो. तिनं उशाशी ठेवलेली डबी उचलली. मग खुरडत मोरीपाशी गेली, डबी उघडून नळाखाली धरली. काळं पाणी वाहून जाईपर्यंत नळ बंद केला नाही. "मग हे मला आधी का न्हाय कुनी सांगितलं?" एवढंच विचारलं तिनं. ते 'कुनी' म्हणजे मी होते, हे तिनं म्हटलं नाही. त्यानंतर तिनं बोट दाताला लावलं नाही. अडीच वर्षं ती कुबड्यांवर डबे भरत राहिली, नेऊन द्यायला शेजारची बाई असायची. माझ्या इंटर्नशिपच्या वर्षी एका सकाळी पोळ्या लाटता लाटता तिचं हृदय थांबलं. तेही रक्तवाहिन्यांचंच.

मला सर्जरी मिळत होती, सर. मी पीएसएम घेतलं, म्हणजे रोगप्रतिबंध आणि सामाजिक आरोग्य. कॉरिडॉरमध्ये तुम्हाला कळलं तेव्हा तुम्ही थांबून म्हणालात, "पीएसएम? म्हणजे आता गटारं मोजणार? मुलींना झेपेल असं निवडलंत, चांगलं आहे." तुमच्याबरोबरचे दोघे हसले. मी 'हो सर' म्हटलं. मनात ठरवलं होतं, की तुम्ही जो प्रश्न विचारला नाहीत तो मी आयुष्यभर विचारत फिरणार. आणि फिरले. परळच्या, लालबागच्या चाळींत, शीव कोळीवाड्यात, दुपारी बायका जरा मोकळ्या असतात त्या वेळी. एका हातात फॉर्म, दुसऱ्या हातात पायाचा रक्तदाब मोजायचं यंत्र. तंबाखू खाता का विचारलं तर सगळ्या नाही म्हणायच्या. दाताला काय लावता विचारलं की खसखस पिकायची. पदराआडून, डाळीच्या डब्यामागून, गादीखालून डब्या बाहेर यायच्या. कोळीवाड्यातली एक म्हातारी म्हणाली, "आजवर डॉक्टरानी तोंडात लाईट मारून बघितलं, पण असं कुनी इचारलं नाय." आमच्या मिटिंगांत लोक म्हणायचे, मॅडमचं डोकं एकाच गोष्टीत अडकलंय. बरोबर होतं त्यांचं. ते डोकं तुम्ही मारलेल्या त्या एका रेघेत अडकलं होतं.

एक गोष्ट मात्र तुम्हालाही मान्य करावी लागेल: मी कामात लबाडी केली नाही. मिश्रीनंच आईचा पाय गेला, असं मी आजही शपथेवर सांगणार नाही. तिची साखर वाढली होती आणि ती कधीपासून वाढली होती हे कुणी बघितलं नव्हतं. रक्तदाबाचं तर तिला नावही माहीत नव्हतं. तिच्या वडिलांचाही पाय म्हणे शेवटी 'वाळला' होता. एखादी गोष्ट धोका वाढवते आणि एखादी गोष्ट आजार घडवते, या दोन्हींतलं अंतर फार मोठं असतं. मी मुलांना हेच शिकवते. एका माणसाकडे बोट दाखवून 'हिच्या बाबतीत हेच कारण' असं म्हणता येत नाही. पण विचारायला लागतं ना, सर? सगळं विचारून मग नाही सापडलं, तर 'सापडलं नाही' असं लिहायचं. ती खोटी आहे असं नाही लिहायचं.

लेक्चरर म्हणून परत त्याच हॉस्पिटलात आले तेव्हा तुमच्या विभागातल्या कपाटात मला तिचा केस पेपर सापडला. शिकवण्यासाठी वेगळे काढून ठेवलेले पेपर होते ते, तुमच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या लावलेले. तिच्या पेपरवरच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, 'रुग्ण माहिती कशी दडवतो याचं उदाहरण.' म्हणजे तुम्ही दर वर्षी नव्या मुलांना माझी आई दाखवत होता. तिचा पाय गेला, ती गेली, तरी ती तुमच्या वर्गात खोटं बोलत राहिली. मी तो पेपर एप्रनच्या आत घातला आणि घरी आणला. त्याला चोरी म्हणत असाल तर म्हणा.

व्याख्यानासाठी तुमची माहिती हवी म्हणून मी ठाकूरद्वारला तुमच्या घरी गेले. काकू एकट्याच असतात आता, मुलं परदेशात. जिना तसाच उंच आहे. त्यांनी माझं फार प्रेमानं स्वागत केलं. पोहे केले, चहा केला. तुमचे फोटो, पदकं, मानपत्रं टेबलावर मांडून ठेवली होती. मी खालमानेनं सगळं टिपून घेत होते आणि मनात त्या व्याख्यानाची धार काढत होते. बोलता बोलता काकू म्हणाल्या, "शेवटी शेवटी त्यांना नाक्यापर्यंतसुद्धा चालवत नसे गं. चार दुकानं झाली की थांबायचे. लोकांना वाटायचं, डॉक्टर काही घ्यायला आलेत. माझ्याजवळसुद्धा कबूल करायचे नाहीत, की दुखतंय म्हणून."

मी वही खाली ठेवली. "सरांच्या पायांच्या नसा बंद झाल्या होत्या?"

"दोन्ही. आणि मग ते डोक्यापर्यंत गेलं, मेंदूचीही नस बंद पडली. एवढा नसांचा डॉक्टर, आणि बघ."

"पण सर तर सिगरेट वगैरे..."

"छे! सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकलं नाही कधी. त्यांना चीड होती."

यानंतरचा प्रश्न मी ठरवून विचारला नाही, सर. इतक्या वर्षांच्या सवयीनं तो जिभेवर आपोआप येतो. मी म्हटलं, "काकू, दाताला काय लावायचे?"

"तपकीर," काकू सहज म्हणाल्या. "सासूबाईंची सवय, ती यांना लहानपणीच लागली. सकाळ-संध्याकाळ, न्हाणीघराचं दार लावून. कुणी पाहिलेलं आवडायचं नाही. मी म्हणायची, अहो, पेस्ट आणते, तर म्हणायचे, हे औषध आहे, हिरड्या घट्ट राहतात." मग माझ्या तोंडाकडे बघून, "का गं? तपकिरीनं काही होतं का?"

मी म्हटलं, "काही नाही काकू, सहज." आणि तुमची हॉस्पिटलची फाईल मागितली, व्याख्यानात उपयोगी पडेल म्हणून. त्यांनी कपाटातून काढून, धूळ पुसून माझ्या हातात दिली. ती मी जिन्यातच उघडली. कुठल्याशा खाजगी हॉस्पिटलातला तुमचा पहिला कागद. तंबाखू: नाही. माहिती देणारे: स्वतः रुग्ण, निवृत्त सर्जन. रिलायबल. त्या तरुण डॉक्टरनं तुमच्या तोंडून आलेलं अक्षर न् अक्षर धरलं होतं. मी तिथेच, तुमच्या जिन्यात, कठड्याला धरून हसले. खाली फुलवाला होता, त्यानं वर बघितलं. इतकी खूश मी माझ्या लग्नातसुद्धा नव्हते.

व्याख्यानाला हॉल भरला होता. काकू पहिल्या रांगेत, मोतिया रंगाची रेशमी साडी नेसून. मी पडद्यावर दोन कागद शेजारी शेजारी दाखवले. दोन्हींवरची रुग्णांची नावं झाकली होती. एक गिरणी कामगार बाई, एक निवृत्त सर्जन. आजार तोच. प्रश्न तेच, उत्तरही तेच: नाही. दोघांच्या दाताला तंबाखू, आणि दोघांपैकी कुणालाच ती तंबाखू वाटत नव्हती. एकीच्या कागदावर 'अनरिलायबल', दुसऱ्याच्या कागदावर 'रिलायबल'. मी म्हटलं, "आजाराच्या कारणांचा शोध या एका शब्दापाशी अडतो. कुणाचं खरं मानायचं हे आपण तपासण्याआधीच ठरवलेलं असतं."  पहिल्या कागदावरची तुमची सही सगळ्या जुन्या लोकांनी ओळखली होती. आणि दुसऱ्या कागदावरचा निवृत्त सर्जन म्हणजे कोण, हे ओळखायला फार वेळ लागत नाही. मागून एका मुलीनं विचारलं, "मॅडम, त्या बाईंचं पुढे काय झालं?" मी म्हटलं, "त्या वारल्या. माझी आई होती ती." मग मी सांगितलं, की हा केस पेपर मला फार पुढे, लेक्चरर झाल्यावर, कपाटात सापडला. तेही खरं होतं. मी त्या अर्धगोलात डावीकडून दुसरी उभी होते, हे सांगितलं नाही. सगळे उठून उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्या टाळ्यांत मला ते सांगायचं नव्हतं.

काकू टाळ्यांच्या आधीच उठल्या होत्या. मी लिफ्टपाशी त्यांना गाठलं. "काकू, मी नाव घेतलं नव्हतं."

"नाव घ्यायची गरज राहिली होती का गं?" त्या म्हणाल्या. आवाज अजिबात चढला नव्हता; तुमच्या घरची रीतच ती. "तुझ्या आईचं ऐकून मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. ते तसे बोलायचे, मला माहीत आहे, मीही ऐकलंय आयुष्यभर. पण तू माझ्या घरी बसून चहा प्यायलीस आणि मी विचारलं तेव्हा म्हणालीस, काही नाही काकू, सहज. मला आधी सांगितलं असतंस, तर मी आले नसते. एवढंच." लिफ्ट आली. मी आत गेले नाही.

मला पश्चात्ताप झाला असं तुम्हाला वाटत असेल, तर नाही झाला. काकूंबद्दल थोडा झाला. तुमच्याबद्दल कणभरही नाही. मी दुसऱ्या दिवशी आईच्या फोटोसमोर उभी राहून तिला सांगितलं, की त्याला सांगितलं गं, परीक्षा झाल्यावर. आणि जेवले, व्यवस्थित झोपले. विभागातल्या भिंतीवरचा तुमचा फोटो अजून तिथेच आहे, पण आता मुलं त्याच्याकडे बघून एकमेकांच्या कानात काहीतरी बोलतात. मी ते बघते आणि मला बरं वाटतं. माणूस मेल्यावर त्याच्यावर राग धरू नये असं लोक म्हणतात. ज्यांना त्या माणसाच्या हयातीत बोलता आलं, त्यांना ते सोपं जात असेल.

या पत्राचे कागद मी तुमच्या फाईलमध्ये घालून ठाकूरद्वारला परत द्यावेत असं एकदा मनात आलं होतं. दिले नाहीत, काकूंनी ते वाचू नयेत, असं मला वाटतं. कारण गेल्या आठवड्यात त्यांचाच फोन आला. जरा अडखळत म्हणाल्या, "मला दुसरं कुणी माहीत नाही गं जवळचं. चालताना पोटरी भरून येते. येशील का बघायला?" मी दुपारी गेले. व्याख्यानाचा विषय दोघींनी काढला नाही. त्यांनी खुर्चीत बसून पाय स्टुलावर ठेवला, पायमोजा काढला. गोरं, सुरकुतलेलं पाऊल. मी पावलाच्या वर, अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या मधल्या रेषेत बोटं ठेवली. बोटं दाबायची नाहीत, हलकी ठेवायची, नाडी आपणहून येते, तिची वाट बघायची. हे मला तुम्ही शिकवलंत, आणि याहून नीट आजवर कुणी शिकवलेलं नाही. मी वाट बघितली. काहीच लागेना. काकू माझ्या तोंडाकडे बघत होत्या. आणि मग लागली, ठसठशीत, नियमित. दुसऱ्या पायातही तशीच. मी म्हटलं, "नसा छान आहेत, काकू. हे कंबरेचं असणार, फोटो काढून बघू." त्यांनी डोळे मिटून हात जोडले आणि चहा टाकायला आत गेल्या. त्या बाईनं माझं काही वाकडं केलेलं नाही, सर. तरी ती नाडी बोटाला लागली, तेव्हा क्षणभर माझी निराशा झाली.